आधी अळी ओळखा, मग फवारा

सोयाबीन फुलोऱ्यात आले किंवा तुरीला शेंगा धरल्या, की कळंब तालुक्यात औषधांच्या दुकानांत एकच प्रश्न ऐकू येतो, ‘अळी पडलीय, काय मारू?’ अळी कोणती, हे क्वचितच विचारले जाते. ताप मलेरियाचा, डेंग्यूचा की टायफॉईडचा हे न पाहता गोळ्या द्याव्यात, तसाच हा प्रकार.

पतंगवर्गीय किडींची अंडी आणि लहान अळ्या एकमेकींसारख्या दिसतात. तिथे जनुकीय तपासणी उपयोगी पडते. अळीच्या छोट्याशा तुकड्यातून ‘सीओआय’ जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा भाग वाचून तो आधीच्या नोंदींशी ताडला जातो. कॅनडातील पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये ‘डीएनए बारकोड’ची ही कल्पना मांडली. २०१८ मध्ये कर्नाटकात मक्यावर सापडलेली अळी अमेरिकन लष्करी अळीच आहे, याची खात्री याच पद्धतीने झाली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही आली.

नेमके नाव कळल्याने उपाय बदलतो. घाटे अळीला मारणारा एचएएनपीव्ही हा विषाणू तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीवर चालत नाही. कामगंध सापळ्यातील गोळीही प्रत्येक पतंगासाठी वेगळी असते. ओळख चुकली की पहिली फवारणी वाया जाते, मग दुसरी होते, मग दोन-तीन औषधे एकत्र केली जातात. आपण ज्याला ‘औषध’ म्हणतो, ते फवारणाऱ्याच्या शरीरासाठी विषच असते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामागे कारणे अनेक होती. पण टाळता येणारी प्रत्येक फवारणी हा धोका कमी करते.

प्रत्येक अळीची अशी तपासणी करण्याची गरज नाही. शंका असेल किंवा नवी कीड दिसेल, तेव्हा तालुका कृषी कार्यालयाने नमुना अल्कोहोलमध्ये घालून परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे पाठवावा आणि पीक हातचे जाण्याआधी उत्तर मिळावे, अशी सोय हवी. खर्च शासनाने उचलावा. कोरोनाकाळात आरटीपीसीआरसाठी नमुने गोळा करण्याची साखळी गावोगाव उभी राहिली होती. हे काम त्याहून अवघड नाही.

तोवर शेतकऱ्यांनी दुकानात जाण्याआधी दोन-चार अळ्या पानासह डबीत घालून कृषी सहायकांना दाखवाव्यात. फवारावेच लागले, तर हातमोजे, मास्क आणि अंगभर कपडे घालूनच फवारावे.