विश्लेषण : जळगावच्या थंडीत ‘विंटर टायर’ हवेत का?

डिसेंबरातली सकाळ. मित्राच्या शेतात भरीत पार्टी आहे, वांगी भाजायला वेळेत पोहोचायचे आहे. गाडी सुरू केली आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालेसारखे चिन्ह आणि मध्ये उद्गारचिन्ह. रात्री गाडी लावली तेव्हा सगळे ठीक होते. पंक्चरवाल्याकडे नेली, तर त्याने चारही चाके पाण्यात बुडवून पाहिली आणि पंक्चर काही सापडेना. त्याच सकाळी फॅमिली ग्रुपवर म्युनिकच्या भाच्याचा फोटो : चारही टायर बदलून घेतले, खाली ओळ ‘विंटर टायर बसवले’. मग साहजिकच प्रश्न येतो, थंडी तर आपल्याकडेही आहे, आपणही बसवायचे का?

गेल्या दोन-तीन हिवाळ्यांत हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला आहे. उत्तर सुरुवातीलाच सांगतो : नाही. जळगावात नाही, धुळ्यातही नाही. मात्र भाच्याच्या त्या फोटोत आपण उचलावी अशी एक गोष्ट आहे आणि ती टायर नाही.

विंटर टायर म्हणजे नेमके काय?

फरक मुख्यतः रबराचा आहे. टायरचे रबर थंडीत कडक होते, उष्णतेत मऊ होते. आपल्याकडचे टायर गरम रस्त्यासाठी बनवलेले असतात. युरोपच्या भाषेत ते ‘समर टायर’. साधारण ७ अंशांच्या खाली त्यांचे रबर ताठर होऊ लागते आणि रस्त्यावरची पकड कमी होते. विंटर टायरच्या रबराचे मिश्रण थंडीतही लवचिक राहील असे केलेले असते. त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात. गाडी चालताना त्या उघडतात-मिटतात आणि बर्फाला धरून ठेवतात. बर्फाळ रस्त्यावर समर टायरच्या गाडीला थांबायला विंटर टायरच्या गाडीपेक्षा दुपटीच्या आसपासही अंतर लागू शकते. म्हणून तिकडे हा हौसेचा विषय नाही. जर्मनीत बर्फ किंवा निसरडा रस्ता असताना योग्य टायर नसतील तर किमान ६० युरो दंड आणि परवान्यावर एक गुण नोंदवला जातो. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचेच आहेत.

खरा विंटर टायर ओळखायचा तो कडेवरच्या चिन्हावरून. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. आपल्याकडे अनेक एसयूव्हींच्या टायरवर ‘एम+एस’ अशी अक्षरे असतात. त्यांचा अर्थ चिखल आणि बर्फ असाच आहे, पण ती खूण मुख्यतः नक्षीपुरती. थंडीत रबर मऊ राहील याची हमी त्यात नसते. जर्मनीने १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या ‘एम+एस’ला हिवाळी टायर मानणे बंद केले आहे. तेव्हा ‘माझ्या गाडीला बर्फाचे टायर कंपनीतूनच आलेत’ असे कुणी चौकात सांगत असेल तर त्याला आधी डोंगर शोधायला सांगा.

आपली थंडी त्यात बसते का?

थंडीच्या लाटेत धुळ्याचा पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. जळगाव ८-९ वर येते. तोरणमाळकडे गवतावर दव गोठल्याच्या बातम्याही आपण वाचतो. म्हणजे ७ अंशांची रेषा खान्देश कधीमधी ओलांडतो, हे खरे. पण ती किती वेळ? पहाटे, काही तास, हिवाळ्यातले मोजके दिवस. सकाळी दहाला ऊन पडले की रस्ता पुन्हा तापतो आणि दुपारी स्वेटर गाडीतच राहतो. शिवाय ७ अंश म्हणजे काही विजेचा खटका नव्हे, की ८ वर पकड आहे आणि ६ वर गेली. ती हळूहळू कमी होते, आणि कोरड्या डांबरावर आपल्या वेगाला ती पुरते. पहाटे जळगाव-धुळे रस्त्यावर टायरपेक्षा मोठी भीती धुक्याची आणि मागे रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीची आहे.

आता उलट बाजू बघा. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. हवाच ४५ अंश असेल तेव्हा उन्हातले डांबर ६० च्या वर गेलेले असते. थंडीसाठी मऊ ठेवलेले रबर त्या डांबरावर भराभर झिजते. जोरात ब्रेक मारला तर गाडी थांबायला जास्त अंतर घेते, वळणावर लोळते. पाच-सात पहाटेंसाठी सगळा उन्हाळा धोक्यात घालण्यासारखे ते आहे. म्हणून कुणी ‘परदेशातला जुना माल, एकदम स्वस्त’ म्हणून टायर दाखवला तर कडेवर हिमकण आहे का आणि आयएसआय खूण आहे का, हे दोन्ही बघा. हिमकण असेल तर नको, आयएसआय नसेल तरी नको.

मग पिवळा दिवा का लागला?

कारण हवा आकसली. टायरमधली हवा गार झाली की तिचा दाब कमी होतो. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी उतरले की दाब साधारण दीड ते दोन पीएसआयने घटतो. मे महिन्यात ४० अंशांत ३३ पीएसआय भरलेला टायर डिसेंबरच्या १० अंशांत, एक थेंबही हवा न गळता, २८ च्या जवळ येतो. त्यात चांगला टायरही महिन्याला एखादा पीएसआय सोडत असतोच. मधल्या सहा-सात महिन्यांत कुणी हवा पाहिली नसेल तर काटा २२-२३ वर सापडतो. दिवा लागतो तो याचा. पुढे गाडी पाच-दहा किलोमीटर पळाली की टायर तापतो, दाब वाढतो, दिवा विझतो, आणि आपण म्हणतो सेन्सर खराब आहे.

सेन्सर बहुतेक वेळा खरेच बोलत असतो.

‘आम्ही नायट्रोजन भरतो, आमचे काही होत नाही’ असे सांगणारेही भेटतात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. तापमानाबरोबर त्याचा दाबही तसाच कमी-जास्त होतो. फुकट मिळत असेल तर भरा, पण त्याच्या भरवशावर काटा बघणे सोडू नका.

हवा तपासायची ती टायर थंड असताना, म्हणजे गाडी निघण्यापूर्वी किंवा फार तर दोन-तीन किलोमीटरच्या आतल्या पंपावर. आकडा पंपावरच्या पोराला विचारायचा नाही. तो चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या स्टिकरवर असतो, सामानासह आणि सामानाशिवाय असा वेगवेगळा. बऱ्याच जणांनी तो स्टिकर कधी वाचलेलाच नसतो.

खरा धोका मे महिन्यातला

खान्देशात एक समज घट्ट बसला आहे : उन्हाळ्यात टायर फुटतात, म्हणून हवा थोडी कमी ठेवावी. हा समज माणसे मारतो, असे मी स्पष्टच म्हणेन. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते. या वाकण्यातून उष्णता तयार होते. वरून ६० अंशांचा रस्ता, गाडीत सात माणसे, टपावर लग्नाचे सामान आणि ताशी १०० चा वेग. आतले थर सुटू लागतात आणि टायर फुटतो. तेव्हा लोक म्हणतात, उन्हाने फुटला. ऊन होतेच, पण सुरुवात कमी हवेने केलेली असते. स्टिकरवरचा आकडा ठरवताना टायर चालून तापणार, दाब वाढणार, हे कंपनीने धरलेले असते. म्हणून तापलेल्या टायरची हवा पंपावर कमी करणेही चूकच.

समृद्धी महामार्गावर ही गोष्ट जास्त बोचते. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ पासून मुंबईच्या दिशेने पूर्ण खुला झाला. त्यावर कारला ताशी १२० ची मुभा आहे आणि वेग उतरवायला कारणच मिळत नाही. तासन् तास एकाच वेगात तापत राहणारा टायर तिथे आपले वय दाखवतो.

वयाचे म्हणाल तर, माझ्या मेव्हण्याच्या गाडीचा मागचा टायर एका एप्रिलमध्ये धुळ्याच्या अलीकडे फुटला. गाडी दुभाजकापर्यंत गेली, सुदैवाने कुणाला लागले नाही. नक्षी बघाल तर जवळपास नवी! गाडी फार चालतच नव्हती, अंगणात उन्हात उभी असायची. टायर मात्र आठ वर्षांचा झाला होता. कडेवर लंबगोलात चार आकडे असतात : ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. ते त्याने, आणि खरे सांगायचे तर मीही, तोपर्यंत कधी पाहिले नव्हते. टायर गोटा झाला तर कुणालाही दिसते. कारला नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेही बाद, आणि ते ओळखायला खाचांमध्ये उंचवटे दिलेले असतात. पण उन्हाने आतून वाळलेला टायर दिसत नाही. कडेला केसासारख्या भेगा पडल्या असतील तर नक्षी कितीही छान असो, तो गेलेला समजा. रिमोल्ड करून कारला पुढे लावणे तर आपल्या उन्हात नकोच.

काश्मीर-मनालीला स्वतःची गाडी नेणार असाल तर?

नाताळच्या सुटीत धुळ्याहून इंदूरमार्गे उत्तरेला जाणाऱ्या एमएच १९ आणि एमएच १८ च्या गाड्या आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. तिथे मात्र वरचा सगळा हिशेब उलटतो. बर्फ पडल्यावर मनालीच्या पुढे अटल बोगद्याकडे पोलिस सहसा फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्यांनाच सोडतात. टनमर्ग ते गुलमर्ग चढावरही हिवाळ्यात चेन लागतात. फोर बाय फोरने गाडी हलते, चढते, पण थांबवायचे काम टायरचेच असते. ब्रेक मारल्यावर चारही चाके सगळ्याच गाड्यांची असतात!

चार-आठ दिवसांच्या सहलीसाठी विंटर टायर विकत घेणे परवडण्यासारखे नाही. चेन घ्यायच्या तर आपल्या टायरच्या मापाच्या घ्या आणि घरी अंगणात एकदा लावून बघा, बर्फात बोटे चालत नाहीत. चेन लावून ताशी ४०-५० च्या वर जायचे नसते आणि कोरडा रस्ता लागला की त्या काढायच्या असतात. माझे मत विचाराल तर गाडी खाली ठेवावी आणि वरचा टप्पा तिथल्या चालकाच्या गाडीने करावा. तो उतार त्याने शंभरदा केलेला असतो, आपला अनुभव कन्नड घाटाचा.

जर्मनीकडून घ्यायची ती तारीख

जर्मनीत विंटर टायरसाठी एक सोपा ठोकताळा आहे : ऑक्टोबर ते ईस्टर. ऑक्टोबरात एक संच चढतो, ईस्टरला दुसरा. त्यामुळे प्रत्येक गाडीचा प्रत्येक टायर वर्षातून दोनदा जाणकार माणसाच्या हातात येतो. भेगा, खिळे, झीज, वय, सगळे दोनदा पाहिले जाते. तिथल्या टायरचा आपल्याला उपयोग नाही, पण या सवयीचा आहे. आपल्याकडे टायर हातात येतो तो पंक्चर झाल्यावरच.

त्यांची तारीख आपल्या पंचांगातही बसते. दिवाळीला गाडी धुऊन पूजा करतोच, त्याच दिवशी थंड टायरची हवा स्टिकरप्रमाणे करून घ्यावी, म्हणजे डिसेंबरातला पिवळा दिवा बहुधा लागणार नाही. होळीला, ऊन तापायच्या आत, पुन्हा एकदा : वय, भेगा, नक्षी, अलाइनमेंट. पाच-सहा वर्षे झाली असतील तर लग्नसराईच्या धावपळीआधी टायरवाल्याला चाक उतरवून आतून बघायला सांगावे. मधल्या काळात महिन्यातून एकदा काटा. दुचाकीलाही हेच लागू आहे, उलट तिथे पुढचा टायर बसला तर सावरायला वेळच मिळत नाही.

आणि स्टेपनी विसरू नका. डिकीच्या तळाशी, भरिताच्या वांग्यांच्या पिशवीखाली ती वर्षानुवर्षे पडून असते. हवा तिचीही उतरते आणि चार आकडे तिच्यावरही असतात.