पोट आणि मूत्राशय

चंद्रपूरचा व्यापारी मे महिन्यात गडचिरोली, चामोर्शीकडे वसुलीला निघतो, तेव्हा मनाशी वेगळाच हिशेब करतो. वाटेत शौचालय कोठे मिळेल? पाणी किती कमी प्यावे? पोट केव्हा कळ देईल याचा भरवसा नाही, आणि लघवी तर अर्ध्या तासाला लागते. पोटासाठी एक डॉक्टर, लघवीसाठी दुसरे. पण एकाला दुसरी तक्रार तो सांगत नाही. वस्तुतः पुष्कळदा एकाच व्यवहाराच्या या दोन वह्यांत पडलेल्या नोंदी असतात.

पोटात कळ, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, आणि तपासणीत जखम वा सूज नाही, या विकारास इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात. अशा रुग्णांत वारंवार लघवी, अचानक घाई व मूत्राशय पुरता रिकामा न झाल्याची भावना अधिक आढळते, हे 1986 साली ‘गट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. गुदाशय व मूत्राशय यांचे मज्जातंतू पाठकण्याच्या तळाशी एकत्र येतात. एकाचा क्षोभ दुसऱ्यास जागवतो. शिवाय मलाने भरलेला गुदाशय मूत्राशयावर दाब आणतो तो निराळाच.

पाणी तोडणे हा उपाय मात्र सर्वांत महाग पडतो. लघवी गडद होऊन जळजळते, मल कठीण होतो. पारा 45 अंशांपलीकडे जाणाऱ्या मुलखात मूतखड्याचे भय आहेच. चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वी दोन तांबे एकदम रिचवू नयेत, दिवसभर विभागून प्यावे. गल्ल्यावरचा चहा कमी करावा. गिऱ्हाईक समोर आहे म्हणून लघवी दाबून बसण्याची पेढीवरील सवय तर सोडावीच. न रोखण्याच्या तेरा वेगांत चरकसंहिता मूत्र व मल यांनाच प्रथम स्थान देते.

स्त्रियांचे मौन अधिक गाढ. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतील दोन गावांचा अभ्यास 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. 92 टक्के स्त्रियांत स्त्रीरोग आढळले. पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या 8 टक्के. तो विषय निराळा, संकोच तोच, आणि तो सुखवस्तू घरांतही आहे.

लघवीच्या तपासणीत जंतू नसताना जुन्या चिठ्ठीवर पुन्हा प्रतिजैविके आणू नयेत. जुलाबाने पोट अधिक बिघडते. मात्र शौचात वा लघवीत रक्त, ताप, घटणारे वजन, किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास असेल, तर घरगुती चूर्णावर एक दिवसही काढू नये.