सुताला कशाला दोष?

डिस्कच्या मृत्यूचा दाखला फाडायची आपल्या दुकानदारांना केवढी घाई असते, हे मागे लिहिलं तेव्हा ‘तुम्ही व्यापाऱ्यांवर उगाच घसरता’ असा सूर निघाला होता. घ्या, या आठवड्यात पुन्हा तेच. आणि डिस्क तर नवीकोरी!

भाच्याने सुटे भाग जमवून पीसी बांधला. प्रोसेसर इंटेलचा, सातव्या पिढीचा. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि 11 त्याला अधिकृतपणे घेत नाही. म्हटलं, शेजारी उबुंटू टाक. इन्स्टॉलरला एनव्हीएमई डिस्क दिसेचना. दुकानदाराचा निकाल तयार: “लिनक्सला ही चालत नाही, दुसरी घ्या.” विंडोज मात्र त्याच डिस्कवरून सुरू होत होतं.

पत्त्यांवर चालणारा जॅकार्डचा माग कधी बघा. पत्त्याला भोक असेल तिथली सुई आत जाते, तिचा हूक वर उचलला जातो आणि ताण्याचा तेवढाच धागा उठतो. माळेत एक पत्ता उलटा शिवला गेला, की चादरीच्या फुलात दर फेऱ्याला त्याच जागी खोट येते. विणकर तेव्हा सुताचं बाचकं फेकत नाही, वर मान करून पत्ते बघतो. डिस्क म्हणजे सूत. तिच्या आणि लिनक्सच्या मध्ये कंट्रोलर बसलेला असतो. बायोसमध्ये त्याचा मोड ‘रेड’ उर्फ ‘आरएसटी’ होता. त्या मोडमध्ये इंटेलचा कंट्रोलर एनव्हीएमई डिस्क स्वतःच्या पदराआड घेतो. विंडोजकडे इंटेलचा ड्रायव्हर, त्याला पदराआडचं दिसतं. लिनक्सला नाही, पण ते गप्पही बसत नाही. ‘डीमेसेज’मध्ये सरळ लिहून देतं, की डिस्क लपवली आहे, बायोस रेडवरून एएचसीआयवर न्या. वाचतो कोण? चोरीचं विंडोज पेनड्राइव्हवरून ओतणं म्हणजेच इन्स्टॉलेशन, अशी ज्यांची समजूत, ते तर नाहीच.

जुन्या आयडीई डिस्कला निदान मास्टर-स्लेव्हचा जंपर तरी होता. चिमट्याने उचलता यायचा, हरवला की जमिनीवर शोधता यायचा.

विंडोज ठेवायचं असेल तर आधी ‘एमएसकॉन्फिग’मध्ये सेफ बूट लावा, मग रीस्टार्ट करतानाच बायोसमध्ये एएचसीआय करा, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन या आणि ती खूण काढा. भाच्याला हे फोनवर दोनदा सांगितलं. त्याने थेट मोड बदलला. विंडोजचा निळा पडदा बघून घाबरून त्याने पहिला फोन केला तो त्या दुकानदाराला.