दोन बकासुर कशाला?

माणूस परदेशी निघाला, की त्याला निरोप द्यायला येणारे कमी आणि विमा विकायला येणारे जास्त, असे दिवस आले आहेत. आपणही कमालीचे! कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपयांसाठी दहा मिनिटं हुज्जत घालू. पण प्रवासाचा विमा म्हटला, की थंडीत स्वेटरवर स्वेटर चढवावा तसे एकावर एक चढवत जाऊ.

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या केळझरहून अमेरिकेतल्या लेकाकडे निघालेल्या एखाद्या निवृत्त गुरुजींचंच उदाहरण घ्या. गुरुजी थांब्यावर नागपूरची एस.टी. पकडतात. तिच्या तिकिटात 2016 पासून अपघात साहाय्यासाठी एक रुपया घेतात. हा पहिला. पुढे मुंबईची गाडी. तिचं तिकीट ऑनलाइन काढताना जावईबापूंनी रेल्वेच्या ऐच्छिक विम्यावर खूण केलेली असते. हाही 2016 सालचाच. अर्ध्या रुपयाच्या आत दहा लाखांचं कवच. तेवढ्यात हल्ली चहाचा वासदेखील येत नाही. हा दुसरा. विमानाच्या तिकिटाला एजंटाने आपली पॉलिसी चिकटवलेली असते, हा तिसरा. चिरंजीवांचा इकडच्या कंपन्यांवर भरवसा नाही, म्हणून ते तिकडून एक घेतात, हा चौथा. बँकेचं कार्ड म्हणतं, मी आहेच की! पाचवा. आणि निघण्यापूर्वी अख्खं घर टेकडीवरच्या सिद्धिविनायकाला नारळ फोडून येतं, तो सहावा. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी हा एक. या सहांमध्ये बारीक अक्षरांतल्या अटी न घालणारा तेवढा तोच.

“गुरुजी, इतके विमे कायले जी?” असं कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं: “असू द्या ना बाप्पा. एकानं नाही देल्ले तं दुसरा देईन.”

माझं भांडण आहे ते या एका वाक्याशी.

अहो, पहिला देत नाही तो काही लहर लागली म्हणून नव्हे. गुरुजींना पंधरा वर्षांचा मधुमेह आणि दहा वर्षांचं ब्लडप्रेशर. अर्जात दोन्हींचा पत्ता नाही. आधीपासूनच्या आजाराचा खर्च बहुतेक पॉलिसींत एक तर वगळलेला असतो, नाही तर जिवावर बेतल्यावरच आणि तोही मर्यादेत मिळतो. पहिल्या कंपनीने ज्या कलमावर बोट ठेवलं, तेच कलम दुसरीच्या कागदात पान बदलून बसलेलं असतं. शून्यात शून्य मिळवलं तर किती, हे गुरुजींनी पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं. पण शाळेतलं गणित विमानतळावर कोण नेतो?

बरं, समजा दोन्ही कंपन्या दानशूर निघाल्या. तरी दवाखान्याचं बिल एकदाच मिळायचं. विमा हा नुकसानभरपाईचा करार आहे, लॉटरी नव्हे. 1883 साली इंग्लंडच्या न्यायालयाने ‘कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन’ या खटल्यात हे स्वच्छ सांगून टाकलं. प्रेस्टनमंडळींनी जळालेल्या घराचा विमाही घेतला आणि गिऱ्हाइकाकडून ठरलेली पूर्ण किंमतही वसूल केली. न्यायालयाने विम्याचे पैसे परत करायला लावले. भरपाई पुरेपूर मिळेल. पण त्यावर एक पैसा मिळणार नाही! तेव्हा आठ हजारांची बॅग हरवली, तर पॉलिसी चार असोत की चौदा, बॅग आठ हजारांचीच राहते.

अपघाती मृत्यूची गोष्ट मात्र वेगळी. तिथे ठरलेली ठोक रक्कम असते आणि प्रत्येक कंपनी ती स्वतंत्रपणे देते. म्हणजे अनेक पॉलिसींचा खरा फायदा घेण्यासाठी गुरुजींना आधी एक मोठी अडचण पार पाडावी लागेल. एवढ्यासाठी प्रवास करावा, असं त्यांच्या सौभाग्यवतींनाही वाटत नसावं.

दुसऱ्या पॉलिसीचा काहीच उपयोग नाही, असं मी म्हणत नाही. पहिलीची रक्कम तोकडी पडली, तर उरलेलं बिल दुसरीकडे नेता येतं. पहिल्यांदा कोणाचं दार वाजवायचं, हे विमेदाराने ठरवायचं, असं आपल्या विमा नियामकाच्या आरोग्य विम्याच्या नियमांत आलं. पण चिरंजीवांच्या अमेरिकन कंपनीला आपला नियामक काय म्हणून बांधील! ती खुशाल म्हणते, आधी त्यांच्याकडून घ्या, मग आमच्याकडे या. इकडची म्हणते, कागद आणा. आजारी माणूस अमेरिकेत, एक फाइल मुंबईत, दुसरी भलतीकडेच, आणि बँकेच्या कार्डाची अट अशी, की त्या कार्डावर अमुक दिवसांत काही खरेदी झालेली हवी. गुरुजींनी ते कार्ड कपाटात नवं कोरं जपून ठेवलेलं!

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की दोन लहान विम्यांच्या पैशांत एक मोठा घ्यावा. अर्जात मधुमेह लिहावा. तो लिहिल्याने वाढत नाही. हप्ता वाढेल, तो भरावा. दुसरा विमा असलाच, तर विचारल्यावर लपवू नये. आणि मदतीचा फोन नंबर बायकोच्या पर्समध्ये असावा, कारण झटका आल्यावर गुरुजी स्वतः फोन करणार नाहीत. युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसासुद्धा निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा मागतो. पण एकच मागतो.

आमचं केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं गावकरी मानतात. त्या नगरीला बकासुराचं संरक्षण होतं. हप्ता ठरलेला: गाडीभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस. जाचक खराच, पण त्या बिचाऱ्या लोकांनीसुद्धा ‘हा नाही वाचवणार तर दुसरा वाचवेल’ म्हणून आणखी एक बकासुर पोसला नव्हता. आणि वाचलेल्या हप्त्याचं काय करायचं, ते भीमाने तेव्हाच दाखवून ठेवलं आहे. राक्षसाच्या नावाची ती गाडी त्याने त्याच्याच डोळ्यांदेखत निवांत बसून फस्त केली.