जुन्या आज्ञा व नवी भाषा

मृग लागला म्हणजे आमच्या ढाणकीच्या शिवारांत प्रत्येकाचे डोळे आभाळाकडे लागतात. पेरणीनंतर पावसानें पाठ फिरविली तर दुबार पेरणीचें संकट ओढवतें, आणि त्याची झळ मुलांच्या वह्यापुस्तकांसही लागते. म्हणून पर्जन्याचें भाकित ही आम्हां सर्वांच्या जिव्हाळ्याची गोष्ट आहे. परंतु हें भाकित कोणत्या भाषेंत तयार होतें, हें फार थोड्यांस ठाऊक असेल.

पुणें येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेंत हवेचा दाब, उष्णता, ओलावा यांचीं समीकरणें संगणकाकडून सोडवून घेतात. २०१२ सालीं सुरू झालेल्या ‘मान्सून मिशन’ अन्वयें अमेरिकेंतील एक गणिती प्रारूप तेथें आणून आपल्या पावसास अनुरूप करण्यांत आलें. त्याची घडण मुख्यत्वें फोर्ट्रान भाषेंत आहे. ही भाषा जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आय. बी. एम. कंपनींत सिद्ध केली. ती १९५७ सालीं लोकांच्या हातीं आली. त्या काळीं आज्ञा भोंकें पाडलेल्या कार्डांवर उतरवीत. कार्डास ८० रकाने असत, व आज्ञा ७ ते ७२ या रकान्यांतच बसवावी लागे. नांवाचा आरंभ आय ते एन यांपैकीं अक्षरानें झाला, तर तें पूर्णांकाचें नांव असें भाषा आपणच गृहीत धरी. लिहितांना नांव चुकलें, तरी यंत्र तें निराळें नांव समजून मुकाट्यानें पुढें जाई!

कालांतरानें कार्डें गेलीं, पण आज्ञावल्या राहिल्या. तेव्हां ‘फोर्ट्रान ९०’ या आवृत्तीनें मोठें शहाणपण दाखविलें. रकान्यांचें बंधन नसलेली नवी लेखनरीति तिनें जुन्या रीतीशेजारीं आणून बसविली. ‘इम्प्लिसिट नन’ हे दोन शब्द आरंभीं लिहिले कीं अक्षरावरून संख्येचा प्रकार ठरविण्याची जुनी संवय त्या आज्ञावलीपुरती बंद होते. ज्यानें ते लिहिले नाहींत, त्याचें कांहीं बिघडत नाहीं. जें टाकावयाचें त्यास प्रथम ‘कालबाह्य होऊं लागलेलें’ असें जाहीर केलें, आणि कांहीं भाग काढला तो पुढील आवृत्तींत.

पायथन भाषेनें निराळा मार्ग धरिला. २००८ सालच्या डिसेंबरांत तिची तिसरी आवृत्ति निघाली, आणि जुन्या पुष्कळ आज्ञावल्या तिच्यांत जशाच्या तशा चालेनात. या बदलांत लाभही होता. देवनागरीसारख्या लिपींतील मजकूर हाताळणें पुष्कळ सुलभ झालें. तथापि दुसरी आवृत्ति १ जानेवारी २०२० पर्यंत सांभाळावी लागली. अकरा वर्षें दोन चुली पेटत्या ठेवाव्या लागल्या!

कोणी म्हणेल, जुन्याचें ओझें वाहिल्यानें भाषा अवजड होते व शिकणारास दोन रीती शिकाव्या लागतात. हें खरें आहे. दुसरा कोणी शुभवर्तमानांतील कोऱ्या कापडाच्या ठिगळाचा दृष्टांत पुढें करील. त्या दृष्टांताचा आत्मिक अर्थ थोर आहेच. परंतु शिंप्यास विचारा, तो सांगेल कीं ठिगळ आधीं धुऊन आटवून घेतलें म्हणजे वस्त्र फाटत नाहीं. आमचें मत असें कीं, सुधारकानें प्रथम नवा मार्ग खुला करावा, जुन्यावर सूचनेची पाटी लावावी, जुनी व नवी आज्ञावली एकाच आंकड्यांवर चालवून उत्तरें ताडून पाहावीं, आणि मगच जुना मार्ग बंद करावा. कारण बदल करणारा एक असतो, आणि नुकसान होतें तें त्या भाषेचें नांवही न ऐकलेल्या शेतकऱ्याचें.

विद्यार्थीहो, तुमच्यापैकीं कित्येक या विद्येंत निपुण होतील. दुसऱ्याची जुनी आज्ञावली हातीं आली, तर ती ओबडधोबड दिसते एवढ्याच कारणानें ती पुसूं नका. ती आज कोणाचें काम करीत आहे, तें आधीं विचारा.