कोंबडीचा व्रण आणि आपले कर्तव्य

गेल्या पावसाळ्यात एक आजीबाई इतर कोंबड्यांनी टोचून रक्तबंबाळ केलेली कोंबडी घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. औषधी दुकानातून त्यांनी जात्यादि तेल नेऊन लावले होते. व्रणरोपणात या तेलाची महती निर्विवाद आहे. परंतु त्यात तुत्थ असते. कोंबडी चोचीने पिसे साफ करते, सोबतिणी जखमेवरच टोचतात. परिणामी लावलेले औषध पोटात जाते.

अशा वेळी जखमी पक्षी प्रथम वेगळा ठेवावा, कारण रक्त दिसताच इतर कोंबड्या पुन्हा टोचतात. व्रण कोमट, सौम्य मिठाच्या पाण्याने धुवावा. जखम खोल असल्यास पशुवैद्यांकडे पाठवावे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमानुसार तो अधिकार त्यांचा आहे.

मात्र निदानपरिवर्जन सांगणे आपल्याला सहज शक्य आहे. खुराड्यातील दाटी, प्रखर उजेड, खाद्यातील प्रथिनांची उणीव ही टोचण्याची प्रमुख कारणे होत. ती दूर न करता केलेला लेप व्यर्थ ठरतो.

औषधी विक्रेत्या बंधूंनीही बाटली देण्यापूर्वी 'औषध कोणासाठी?' एवढे अवश्य विचारावे.