फडांचे पाणी

पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांच्या काठी निदान तीन शतके नांदलेली फड पद्धती ही केवळ शेतीची रीत नव्हती, तर पाण्याच्या वाटपात न्याय कसा करावा याविषयी खानदेश-बागलाणच्या कुणब्याने सिद्ध केलेले एक शास्त्र होते, असे माझे मत आहे. बंधाऱ्याखालील भिजाचे क्षेत्र तीन-चार फडांत विभागावयाचे, प्रत्येक फडात एका साली एकच पीक घ्यावयाचे आणि उसाचा फड दरसाल पालटावयाचा, असा हा दंडक होता. बहुतेक खातेदारांची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्यामुळे उसाचा लाभ आणि कोरड्या फडाचा तोटा, दोन्ही साऱ्यांच्या वाट्यास येत. पाणी सोडण्याचा अधिकार शेतमालकाला नव्हे, तर पंचांनी नेमलेल्या पाटकऱ्याला असे. रात्री चारी फोडून पाणी वळविणाऱ्याची गाठ त्याच्याशी आणि जागल्याशी पडे, आणि या दोघांचा मोबदला गावकरीच पिकातून देत.

पुढे याच नद्यांवर, उदाहरणार्थ मोसमवर हरणबारी येथे, धरणे झाली आणि पाण्याची किल्ली सरकारी खात्याच्या हाती गेली. धरणे नकोत, असे मी म्हणत नाही. परंतु २००५ च्या अधिनियमान्वये पाणीवापर संस्थांकडे कारभार सोपविताना कागदोपत्री नव्या संस्था उभारण्याऐवजी, जेथे फडाचे पंच अद्याप हयात आहेत तेथे त्यांच्याच वहिवाटीला सरकारने कायद्याचे अधिष्ठान द्यावे आणि आवर्तनाची तारीख त्यांना विचारून ठरवावी.